नऊ मिनिटांचा आवाज

१

भोंग्यानं हेडफोन कानाला लावले, डोळे मिटले आणि म्हणाला, "लाव."

संकलकानं बटण दाबलं. पडद्यावर भोंग्याची आई आली. घरातल्या नेहमीच्या खुर्चीत, अंगावर निळी शाल, केस नीट विंचरलेले. तिनं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागली.

भोंगा तसाच बसून होता. एक मिनिट गेलं. मग त्यानं डोळे उघडले.

"आवाज वाढव ना."

"वाढवलाय," संकलक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पूर्ण वाढवलाय."

आईचे ओठ हलत होते. ती मधेच हसली, बोट नाचवून काहीतरी बजावलं. पण ऐकू काहीच येत नव्हतं.

पाळण्यात असताना याचं रडणं तीन गल्ल्यांत ऐकू जायचं, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला भोंगा म्हणायला सुरुवात केली. रॅपर झाल्यावर त्यानं तेच नाव पोस्टरवर लावलं. आता तिशीला आलेल्या या गड्यावर दोन वर्षं खपून एक माहितीपट बनला होता. शनिवारी दुपारी तो एका छोट्या थिएटरात दाखवायचा होता आणि त्याला जोडूनच नव्या गाण्याचा व्हिडिओ. गाण्याचं नाव 'आईच्या चार ओळी'. आज बुधवार होता.

माहितीपटातली शेवटची नऊ मिनिटं आईची होती. चार महिन्यांपूर्वी, ती आजारी असताना, दिग्दर्शिकेनं कॅमेरा लावला तेव्हा आईनं तिला खोलीबाहेर काढलं होतं. "मला एकटीला बोलू दे," ती म्हणाली होती. "आणि हे आधी भोंग्यानं ऐकायचं, मग बाकीच्यांनी." दोन महिन्यांपूर्वी आई गेली. दिग्दर्शिकेनं शब्द पाळला, संकलकानंही पाळला. भोंगा मात्र आज ऐकू, उद्या ऐकू करत राहिला.

कॅमेऱ्याचा माइक त्या दिवशी बिघडला होता, म्हणून आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घेतला होता. त्याची एक फाइल या मशीनवर होती, दुसरी कपाटातल्या हार्डडिस्कवर. संकलकानं कपाट उघडलं, डिस्क जोडली आणि बराच वेळ शोधत राहिला.

"इथंही नाही," तो शेवटी म्हणाला. "दोन्हीकडची चित्रं जागेवर आहेत. टाकलेल्या फायलींची टोपलीसुद्धा रिकामी केलीये. ही चूक नाही. कुणीतरी बसून, शोधून, फक्त आवाज काढून नेलाय."

२

दिग्दर्शिकेचा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. त्याला बोलायला ज्यांनी शिकवलं त्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं मुलांना ओठ वाचायला शिकवता शिकवता त्यांना स्वतःलाच ती सवय जडली होती. बँकेत रांगेत उभ्या असल्या तरी काचेपलीकडच्या साहेबांची भांडणं त्यांना कळायची, आणि त्या सभ्यपणे मान वळवायच्या.

गुरुवारी सकाळी दिग्दर्शिका त्यांना एडिटिंगच्या खोलीवर घेऊन आली. खोली लहान. दोन पडदे, तीन खुर्च्या, भिंतीला एक लोखंडी कपाट आणि कपाटाची किल्ली शेजारच्याच खिळ्याला.

"किल्ली अशी उघड्यावर?" बाईंनी विचारलं.

"हरवू नये म्हणून," संकलक ओशाळून म्हणाला.

टेबलावर ती हार्डडिस्क होती. कपाटातून काढली तेव्हा तिची वायर भोवती गुंडाळलेली होती, ती काल घाईत त्यानं अर्धीच सोडली होती. बाईंनी डिस्क हातात घेतली. वायरीचे वेढे एकावर एक, तंतोतंत.

"छान गुंडाळता तुम्ही."

"मी? मी रबरबँड लावतो. काल तो कपाटात खाली पडलेला होता. आणि वायरीचं टोक असं खोचलं होतं कोपऱ्यात, गाठ नाही की काही नाही. मलाच आधी सापडेना."

बाईंनी चष्मा बदलला आणि पडद्यासमोर बसल्या. ती नऊ मिनिटं त्यांनी चार वेळा पाहिली. बऱ्याच ठिकाणी आई खिडकीकडे वळत होती, कधी हात तोंडाशी नेत होती, तिथलं काही वाचता येणार नव्हतं. पण सुरुवात समोरून होती.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "'भोंग्या, त्या ओळी माझ्या नाहीत.'"

दिग्दर्शिकेचा पेन थांबला. त्या चार ओळींवरच तर सगळा डोलारा उभा होता. आई काम करताना गुणगुणायची त्या ओळी:

दार ढकल, उघडंच आहे,
दिवा अजून विझला नाही;
उशीर झाला, होऊ दे की,
घर अजून निजलं नाही.

भोंग्यानं पहिल्या गाण्याचं ध्रुवपद त्यांचंच केलं होतं. प्रत्येक कार्यक्रमात तो सांगायचा की हे शब्द माझ्या आईचे. पोस्टरवर तेच, व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत तेच.

"पुढं?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"पुढं ती सांगते, कुणी लिहिल्या. पण इथं अडचण आहे. प, ब आणि म, तिन्ही ओठांवर एकसारखे दिसतात. आमची मुलं यातच फसतात. ती एकतर 'बाबा' म्हणतेय, नाहीतर 'मामा'."

दिग्दर्शिका आणि संकलक यांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंग्याचा मामाच त्याचं सगळं काम बघत होता. आणि सोमवारी संध्याकाळी तो या खोलीत तासभर एकटा बसला होता.

३

मामा थिएटरच्या पायऱ्यांवर उभा राहून पोस्टर सरळ लागलंय की नाही ते बघत होता. जाड अंगाचा, भरभर बोलणारा माणूस. फोन खिशात ठेवायला त्याला जिवावर येत होतं.

"सोमवारी होतो ना," तो बाईंना म्हणाला. "व्हिडिओ कुठं कुठं दाखवायचा त्याची फोनाफोनी चालली होती. बाहेर रस्त्यावर गोंगाट, म्हणून आत बसलो. मशीनला हात लावला नाही. मला त्यातलं कळत नाही आणि ज्यातलं कळत नाही त्याला मी हात लावत नाही."

"तुमची बहीण त्यात म्हणते की त्या ओळी तिच्या नाहीत."

मामानं पोस्टरकडे बघितलं. मोठ्या अक्षरांत 'आईच्या चार ओळी'.

"मग कुणाच्या?"

"तुमच्या असाव्यात, असं तिथल्या सगळ्यांना वाटतंय."

मामा आधी बघत राहिला, मग खाली पायरीवरच बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, मी आयुष्यात दोन ओळींचं पत्रसुद्धा कधी धड लिहिलं नाही. लग्नाआधी बायकोला लिहायचो ती पत्रं पण ताईनंच लिहून दिलेली. माझ्या असत्या तर मी गप्प बसलो असतो का? गावभर सांगत सुटलो असतो."

"हे मात्र खरं वाटतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिच्याहून धाकटे?"

"आठ वर्षांनी. माझा कान धरायची ती. मुलांसमोरसुद्धा मामानं हे केलं, मामानं ते सांडलं, अशीच बोलायची. अहोजाहो जन्मात केलं नाही."

बाईंनी मान डोलावली. "आणि भोंग्याचे बाबा?"

मामाचा आवाज उतरला. "भावोजींचं सोडा. सहा वर्षं बापलेकात बोलणं नाही. भोंग्यानं छापखान्यातली नोकरी सोडली, तिथं त्यांनीच चिकटवला होता त्याला. तेव्हा त्याचं गाणं ऐकून ते म्हणाले, ही नुसती बडबड आहे. भोंगा त्याच दिवशी घराबाहेर पडला. ताईला निरोप देताना दोघं शेजारी उभे होते, पण एक शब्द नाही. आणि तुम्ही मशीनचं विचारत असाल तर त्यांना मोबाइलवर फोन उचलता येतो, तेवढंच."

बाई निघाल्या. मामानं त्यांना पायऱ्या उतरताना हात दिला.

"ताईचा आवाज मिळेल ना?" त्यानं विचारलं. "गाण्याचं काय व्हायचं ते होवो."

४

दुपारी बाई परत आल्या तेव्हा खोलीत वातावरण तंग होतं. भोंगा खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. दिग्दर्शिकेनं बाईंना बाजूला घेतलं.

"मला बोलायला बरं वाटत नाही," ती हळू म्हणाली, "पण ओळी आईच्या नाहीत हे बाहेर आलं तर सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच आहे. त्याच्याकडे या खोलीची किल्ली आहे. आणि दोन महिने तो ऐकायचं टाळतोय."

बाई भोंग्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"का टाळत होतास?"

स्टेजवर एका श्वासात चाळीस शब्द फेकणारा पोरगा, पण आता एकेक शब्द शोधत होता.

"ऐकलं की संपलं. तिचं काहीतरी ऐकायचं शिल्लक आहे, तोवर ती पूर्ण गेली नाही असं वाटायचं. रोज वाटायचं, आज नको. आता बसलोय हात चोळत."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बसा जरा. एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. तिचं बोलणं लपवायचं होतं, तर सगळंच का पुसलं नाही? चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी होते. दोन्ही काढणं उलट सोपं होतं."

"मग?" संकलकानं विचारलं.

"ज्यानं हे केलं त्याच्यानं तिचा चेहरा पुसवला नाही. आणि ज्याच्यानं चेहरा पुसवला नाही, त्याच्यानं आवाज तरी पुसवला असेल का? तो आवाज शाबूत आहे. कुणीतरी जपून ठेवलाय."

भोंग्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"गेल्या पंधरा दिवसांत इथं एकटं कोण कोण होतं?"

संकलकानं बोटं मोजली. तो स्वतः, दिग्दर्शिका, मामा. "आणि हो, भोंग्याचे बाबा. गेल्या शुक्रवारी जुने फोटो द्यायला आले होते. एक पाकीट आणि एक पेन ड्राइव्ह. पाकिटातले फोटो स्कॅन करायला मी खालच्या दुकानात गेलो, तिथं गर्दी, तासभर गेला. आलो तेव्हा पेन ड्राइव्हमधले फोटो मशीनवर आलेले होते, आणि ते चहाचा कप विसळून ठेवत होते. अगदी सभ्य माणूस."

"फोटो मशीनवर कुणी आणले?"

संकलकाचं तोंड उघडंच राहिलं.

"एकदा तो शब्द परत दाखवा," बाई म्हणाल्या. "बाबा किंवा मामा. सुरुवात नको. शब्द संपतो ना, तिथं थांबवा."

चित्र थांबलं. आईचे ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले होते, जणू हसू येऊ घातलं होतं. बाईंनी पर्स उचलली.

"पत्ता सांगा," त्या म्हणाल्या. "मी एकटी जाते."

५

बाबांनी दार उघडलं. उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बाईंनी दिग्दर्शिकेचं नाव सांगताच ते बाजूला झाले.

"बसा. पाणी आणतो."

खोली आवरलेली होती. पडद्यावरची ती खुर्ची खिडकीशी होती, रिकामी. बाई तिच्यात बसल्या नाहीत. भिंतीलगत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले. प्रत्येक गठ्ठ्याला चार वेढे, आणि गाठ कुठंच नाही.

बाबा पाणी घेऊन आले. बाईंची नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

"गाठ मारली की सोडवताना वेळ जातो," ते म्हणाले. "छापखान्यातली सवय. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की असंच दोऱ्यानं बांधायचं. चार वेढे द्यायचे आणि टोक कोपऱ्यात दाबायचं. पान हललं तरी एक अक्षर सांडत नाही."

"खिळ्यांवरच होतात का शेवटपर्यंत?"

"नाही, शेवटची बारा वर्षं कॉम्प्युटरवर."

"हार्डडिस्कची वायरही तुम्ही तशीच बांधलीत."

बाबांनी पेला खाली ठेवला. त्यांनी नाकारलं नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ती काय बोलली, ते तुम्हाला कळलं?"

"पहिली दोन वाक्यं. बाबा की मामा, ते ठरत नव्हतं. तोंडाची सुरुवात दोन्हीकडे सारखीच. पण धाकट्या भावाला ती 'मामानं' म्हणाली असती. 'नं' म्हणताना ओठ सैल पडतात. तिचे ओठ ताणलेले आहेत. 'बाबांनी लिहिल्या.' मान देऊन 'नी' म्हटलं तरच ते तसे होतात. एवढा मान ती घरात तुम्हालाच देत असणार."

बाबा खिडकीकडे बघत राहिले.

"भोंगा तेव्हा वर्षाचा असेल," ते म्हणाले. "मला रात्रपाळी होती. कितीही उशीर झाला तरी घरात दिवा असायचा. ती म्हणायची काही नाही, पण जागी असायची. तिच्या मनात काय असेल ते एक दिवस कामावर बसून लिहिलं आणि तिला दिलं. तिनं चाल लावली. संपलं. मी पुन्हा कधी लिहिलं नाही."

"मुलानं पुढं त्याच ओळी गायल्या."

"हो. आणि मी त्याला म्हणालो, ही बडबड आहे. गाणं पुरतं ऐकलंसुद्धा नव्हतं. तो गेल्यावर महिन्याभरानं रेडिओवर लागलं, तेव्हा माझ्याच ओळी माझ्या कानावर आल्या." ते रिकाम्या खुर्चीकडे वळले. "काय तोंडानं सांगणार होतो त्याला? मी हिला शपथ घातली. तो म्हणतो ना, आईच्या, तर आईच्याच असू देत."

"तिनं शपथ मोडली."

"शुक्रवारी मी खरंच फोटो द्यायला गेलो होतो. समोर तिच्या नावाची फाइल दिसली. दोन महिने तिचा आवाज ऐकला नव्हता, म्हणून लावली. दुसऱ्याच वाक्याला कळलं ती काय करतेय. बंद केली. सगळ्या जगासमोर माझ्या नावाची पाटी चढणार आणि तिची उतरणार, ती गेल्यावर. ते मला बघवलं नसतं."

"पुढचं ऐकलंत?"

"नाही."

"अहो, नऊ मिनिटांतली साडेआठ शिल्लक आहेत. ती काय दोन वाक्यांसाठी एवढी नटूनथटून बसली होती?"

बाबांनी उठून कपाटातून चष्म्याचं घर आणलं. त्यात पेन ड्राइव्ह होता, रुमालात गुंडाळलेला. त्यांनी तो बाईंपुढे धरला.

बाईंनी हात पुढं केला नाही.

"मी कशी देऊ? मी भोंग्याला काय सांगू, कुणी पाठवला? उद्या सकाळी तो तिथं असेल."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"माझ्या शाळेत दीडशे मुलं होती," बाई म्हणाल्या, "त्यांतली बरीच पहिला शब्द बोलायला चार वर्षं घ्यायची. तुम्हाला सहा लागली. चालायचंच."

६

शुक्रवारी दहा वाजता बाबा एडिटिंगच्या खोलीत आले. भोंगा उभा राहिला. मधे कुणी बोलायच्या आत बाबांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"मी नेला होता," ते म्हणाले. "चुकलो. तेव्हाही चुकलो होतो."

भोंग्यानं त्यांच्याकडे बघितलं, पेन ड्राइव्हकडे बघितलं. बाई, दिग्दर्शिका आणि संकलक बाहेर निघाले, तर तो म्हणाला, "थांबा सगळे. मला एकट्याला नाही जमायचं." त्यानं हेडफोनची पिन उपटली आणि आवाज खोलीत सोडला.

"भोंग्या, त्या ओळी माझ्या नाहीत," आई म्हणाली. आवाज जरा बसलेला, पण तोच. "बाबांनी लिहिल्या. शपथ घातलीये मला त्यांनी, पण आजारी माणसाला शपथ लागू नसते, असं मी ठरवलंय."

भोंग्याच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते सांगणं कठीण होतं. बाबा दारालाच टेकून उभे होते. आई सांगत राहिली. पोरगं लहान असताना कसं होतं, पहिलं गाणं शेजारणीच्या रेडिओवर कसं ऐकलं, बाबांनी त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक छापील नाव कसं कापून ठेवलं. मग ती खिडकीकडे वळली.

"तू मला विचारतोस, बाबा काय म्हणाले. ते मला विचारतात, भोंगा काय म्हणाला. मधे बसून माझे कान किटले. आता मी उठतेय. तुमचं तुम्ही बघा."

फाइल संपली तेव्हा भोंगा उठला, खुर्ची बाबांकडे सरकवली आणि म्हणाला, "बसा ना. किती वेळ उभे राहणार?"

बाबा बसले.

दुपारी श्रेयनामावली बदलायची वेळ आली, तेव्हा बापलेकांचं सहा वर्षांतलं पहिलं भांडण झालं. भोंग्याला ओळींखाली बाबांचं नाव हवं होतं, बाबांना अजिबात नको होतं. "शब्द मी जुळवले," ते म्हणत होते, "पण जागी ती राहायची. मग ओळी कुणाच्या?" शेवटी मामानं तोड काढली. व्हिडिओचं नाव 'आईच्या चार ओळी' हेच राहील आणि खाली लिहायचं, 'तिच्यासाठी लिहिल्या: बाबांनी'. बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "अक्षर लहान ठेवा." मग पडद्याजवळ वाकून संकलकाला दाखवलं, "आणि 'लिहिल्या'मधला 'हि' ऱ्हस्व."

शनिवारी थिएटर भरलं. मामाला बसायला जागा उरली नाही, तो उभ्यानंच रडला. आईची नऊ मिनिटं संपली आणि व्हिडिओ सुरू झाला. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. दिग्दर्शिकेनं त्यांना कार्यक्रमानंतर गाडीनं सोडायचं कबूल केलं होतं, पण भोंगाच पुढं आला. "आम्ही दोघं चालत निघालोय, तुमचं घर वाटेवरच आहे."

ऊन उतरलं होतं. तिघं फुटपाथवरून निघाले. बापलेक दोन हात अंतर ठेवून चालत होते, बोलत काहीच नव्हते, पण पावलं एकसारखी पडत होती. बाईंच्या फाटकाशी आल्यावर भोंगा थांबला. त्याच्या मनात काहीतरी बराच वेळ घोळत असावं.

"बाबा, त्या चारच होत्या का हो ओळी?"

"सहा होत्या," बाबा म्हणाले. "दोन तुझ्या आईला आवडल्या नाहीत."

"कुठल्या?"

बाबा जरा घुटमळले. मग इकडंतिकडं बघून, हळू आवाजात म्हणून दाखवल्या. भोंग्यानं लक्ष देऊन ऐकल्या, मनात एकदा घोळवल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं,

"आईचं बरोबर होतं."

"हो," बाबा म्हणाले. "ते मला तेव्हाच कळलं होतं."